पोटफोड्या ष आणि दंडाचं हाड

आकृती आणि अक्षर : वाचकांचे प्रश्न, बडोद्याहून उत्तरं

मागच्या अंकात मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात आर्टिस्ट म्हणून काढलेल्या ३१ वर्षांबद्दल लिहिलं होतं. हाडं, स्नायू, नसा काढायच्या आणि त्यांच्यावर नावं लिहायची, हे माझं काम. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेते.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलं हृदयाची आकृती चांगली काढतात, पण नावं दिली की सगळी आकृती बिघडते. नावं देण्याची काही रीत असते का, की हा नुसता सुवाच्य अक्षराचा प्रश्न आहे? सोबत दहा आकृत्या पाठवते आहे.
– एक शिक्षिका, बडोदा

ताई, दहाही आकृत्या भिंग घेऊन पाहिल्या. अक्षर वाईट एकाचंही नाही. बिघडतंय ते रेघेपाशी. सातव्या आकृतीत बघा. मुलाने महाधमनीपासून पट्टीने सुरेख आडवी रेघ काढली आणि ती थेट ‘महाधमनी’ या शब्दाच्या शिरोरेषेला नेऊन भिडवली. आता ती रेघ कुठे संपली आणि शिरोरेषा कुठे सुरू झाली, सांगता येतं का? नाव आणि आकृती यांची एकच लांब काठी झाली आहे.

इंग्रजी अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, गुजरातीलाही नाही. त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. आमच्याकडे आरोग्यशिबिरांचे तक्ते दोन्ही भाषांत व्हायचे. गुजराती नावाला रेघ कुठेही टेकवली तरी चालायची. त्याच जागी मराठी नाव आलं की तक्ता गजबजलेला दिसायचा. हे असं का होतं, ते कळायला मला दोन वर्षं लागली. पुस्तकं सगळी इंग्रजी, त्यामुळे सांगणारं कोणी नव्हतं. उपाय साधा आहे. रेघ शिरोरेषेच्या उंचीवर न्यायची नाही. ती अक्षराच्या पोटाच्या उंचीवर न्यायची आणि नावाच्या अलीकडे ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोडून थांबवायची. एवढं केलं तरी तुमच्या मुलांच्या निम्म्या आकृत्या सुधारतील.

दुसरी गोष्ट वर-खालच्या जागेची. वर ‘फुप्फुस धमनी’ आणि तिच्याखाली ‘निलय’ असं लिहिलं की फुप्फुसाचे उकार खाली येतात, निलयाची वेलांटी वर जाते, आणि दोघांची धडक होते. म्हणून दोन नावांमध्ये अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. नावं सगळी आडवी हवीत, शक्यतो एकाच बाजूला, एकाखाली एक. रेघा एकमेकींना कापू नयेत. बाण नको. उजवं अलिंद कागदावर आपल्या डाव्या हाताला येतं, हे तुम्ही सांगत असालच. तरी दहांतल्या तीन आकृत्यांत ते उलटं झालं आहे.

आता रेघेचं दुसरं टोक, आकृतीच्या आतलं. माझा जीव खरा तिथे अडकलेला असतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी ओटीपोटाचा एक मोठा तक्ता केला. गर्भाशयमुखाच्या बाजूने, साधारण दोन सेंटिमीटरवरून, मूत्रवाहिनी जाते. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी ही नळी. गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी तिला वरून आडवी ओलांडते. विद्यार्थी हे ‘पुलाखालून पाणी’ असं पाठ करतात. पूल म्हणजे धमनी, पाणी म्हणजे मूत्रवाहिनी. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत धमनी बांधायची असते आणि तिच्या खालची नळी वाचवायची असते. माझ्या तक्त्यात ‘मूत्रवाहिनी’ या नावाची रेघ नळीपर्यंत पोचलीच नाही. ती निबेच्या जाडीएवढी अलीकडे, धमनीच्या काठावर थांबली. तक्ता वर्षभर भिंतीवर होता. तोंडी परीक्षेत एका मुलीने धमनीवर बोट ठेवलं आणि ‘मूत्रवाहिनी’ म्हणाली. सरांनी मला तक्त्यासमोर नेलं. रागावले नाहीत. रेघ जिथे संपत होती तिथे पेन्सिलीने एक टिंब दिलं आणि विचारलं, ‘हे कोणाचं नाव?’

त्या रात्री घरी बसून मी तो भाग पुन्हा काढला. तेव्हापासून माझी प्रत्येक रेघ त्या अवयवाच्या आत शिरून एका टिंबावर संपते. काठावर कधीच नाही. तुमच्या मुलांनाही ते टिंब द्यायला लावा. टिंब द्यायचं म्हटलं की मूल आधी विचार करतं, हे नक्की कुठे आहे.

प्रश्न : मी ललित कला शाखेत शिकतो. वर्षाअखेरच्या प्रदर्शनासाठी हाडांपासून देवनागरी वर्णमाला करतो आहे. सहा अक्षरांचे फोटो पाठवले आहेत. शिक्षक म्हणतात, कल्पना आकर्षक आहे पण नुसती चमत्कृती वाटते. तुम्हाला काय वाटतं?
– एक विद्यार्थी, बडोदा

तुझे शिक्षक बरोबर सांगताहेत. पण कल्पना टाकून देऊ नकोस.

‘क’, ‘म’ आणि ‘प’ या तिन्हींत तू एकच हाड वापरलं आहेस. सरळ दांडा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन गोळे. माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात आणि त्यांतलं एकही असं नसतं. ते व्यंगचित्रातल्या कुत्र्याच्या तोंडातलं हाड आहे. असल्या हाडाने कोणतंही अक्षर करता येतं, म्हणून ते अक्षराबद्दल काही सांगत नाही आणि हाडाबद्दलही नाही.

शरीर आणि अक्षर यांचं नातं जुनं आहे. १५२९ साली पॅरिसमध्ये जोफ्रुआ तोरी याने रोमन अक्षरांवर एक ग्रंथ काढला. त्यात अक्षरांची मापं माणसाच्या देहावरून आणि चेहऱ्यावरून बसवली होती. पुढे १५४३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला व्हेसेलियस या शरीररचनाकाराचा ग्रंथ छापला गेला. त्यात अक्षरं दोन प्रकारची कामं करतात. प्रकरणाचं पहिलं मोठं अक्षर एका चौकटीत असतं आणि त्याच्यामागे गुटगुटीत बाळं प्रेत पळवताहेत, हाडं उकळताहेत, चिरफाड करताहेत, अशी चित्रं. आणि दुसरीकडे, स्नायूंच्या भव्य चित्रांवर, प्रत्येक स्नायूवर एक बारीकसं अक्षर, ज्याचा अर्थ बाजूच्या यादीत शोधायचा. मोठी अक्षरं शोभेची, बारीक अक्षरं ज्ञानाची. गंमत अशी की शोभेची अक्षरं लगेच दिसतात आणि ज्ञानाची अक्षरं छायेच्या दाट रेघांत हरवतात. तू जे करतो आहेस त्यात ही दोन्ही कामं एका अक्षरात यावीत, अशी माझी इच्छा आहे.

शरीराच्या काही भागांची नावंही अक्षरांवरूनच पडली आहेत. खांद्यावरचा, इंजेक्शन देतात तो डेल्टॉइड स्नायू ग्रीक डेल्टासारखा त्रिकोणी. कवटीच्या मागचा लॅम्डॉइड सांधा लॅम्डासारखा. जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड हाड उप्सिलॉनसारखं. डोळ्यांच्या नसा मेंदूखाली जिथे एकमेकींना ओलांडतात ती जागा खाय या फुलीसारख्या अक्षरावरून. ग्रीक लिहिणाऱ्या माणसांनी देह उघडला आणि त्यांना आत आपली अक्षरं दिसली. मग बोरूने बालबोध गिरवलेल्या माणसाला काय दिसेल? तुझं प्रदर्शन या प्रश्नाचं उत्तर व्हायला हवं.

मला जे दिसतं ते सांगते. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. आपलं अक्षर टांगलेलं असतं. शिरोरेषा ही खुंटी, बाकी सगळं तिच्याखाली लोंबतं. माझे आजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते. मोडी लिहायचे. त्यांची लिहायची पद्धत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढायची, मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं अडकवत जायचं. बालबोधीत आपण याच्या उलट करतो. आधी अक्षरं, मग शब्दाच्या डोक्यावर रेघ.

आता स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरव. डावीकडून उजवीकडे जाणारं आडवं हाड लागेल. त्याला क्लॅव्हिकल म्हणतात. शरीरातल्या लांब हाडांत आडवं असलेलं हे एकटंच. अख्खा हात धडाला हाडाने जोडला जातो तो फक्त याच्या आतल्या टोकाशी. बाकी सगळी जोडणी स्नायूंची. म्हणजे हात याच्यावर टांगलेला आहे. आणि गर्भात ज्या हाडाला सगळ्यांत आधी हाडपण येऊ लागतं, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, ते हेच. मोडीसारखं. आधी वरची रेघ, मग तिच्याखाली हात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी आजोबांचा एक जुना कागद काढून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

म्हणून तुझी शिरोरेषा क्लॅव्हिकलची कर. ते हाड सरळ नाही, दोन उलट बाकांचं आहे. तो बाक सरळ करू नकोस. शिरोरेषा थोडी लहरू दे. दंडाच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेच्या, जागी तू मांडीचं हाड ठेवलं आहेस, ते चुकतं आहे. मांडीचं हाड उभं राहण्यासाठी घडलेलं असतं. त्याची मान बाजूला कललेली असते, वरचं वजन घेण्यासाठी. झुरिकमध्ये हेरमान फॉन मायर या शरीररचनाकाराने त्या हाडाचं वरचं टोक उभं चिरून आतली बारीक जाळी दाखवली. तेव्हा कार्ल कुलमान या इंजिनिअरने ओळखलं की वाकड्या क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, त्याच या रेषा. मायरने ते १८६७ मध्ये छापलं. इतकं ज्याच्या रोमरोमात वजन तोलणं आहे, ते हाड शिरोरेषेखाली टांगलंस की त्याचा सगळा अर्थ जातो. अक्षराच्या दंडाला दंडाचंच हाड हवं. शब्दही एकच आहे, बघ.

बाकी अक्षरं तूच शोध. मी फक्त मला सापडलेली चार देते. ‘ट’ साठी बरगडी. तिलाही आधी आखूड मान असते आणि मग ती मोठा वळसा घेते. मात्र मधल्या बरगड्यांतली घे, पहिली फार आखूड आणि चपटी. ‘ठ’ साठी मानेचा पहिला मणका, अ‍ॅटलस. बाकी मणक्यांना पुढे भरीव ठोकळा असतो. याला नसतो, नुसतं कडं असतं. ‘ळ’ साठी ओटीपोटाची हाडं समोरून. खाली दोन बाजूंना दोन मोठी भोकं आणि मध्ये सांधा. ‘ळ’ आपल्या भाषेचा लाडका आहे, त्याला सगळ्यांत देखणी जागा मिळाली याचा मला आनंद आहे. आणि अनुस्वाराला मनगटातलं पिसिफॉर्म. त्या नावाचा अर्थच वाटाण्यासारखं. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी दाबून बघ, गोळीसारखं लागेल.

जाडी-बारकाईचं एक सांगायचं राहिलं. बोरूचा देवनागरीसाठीचा काप रोमनच्या उलट तिरका असतो, त्यामुळे जाड रेघ कुठे येते ते ठरलेलं असतं. हाडाचं जाड टोक त्या जागी आलं तर अक्षर खरं वाटेल. भलत्या जागी आलं तर नाही. प्रत्येक अक्षर आधी बोरूने लिही, मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून हाड शोध. फोटो जोडून जोडून करू नकोस.

काढायला कुठे जाशील? सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा. आपल्या कालाघोडा चौकापासून चालत जाण्याइतकं जवळ. दोन सकाळी तिथे काढ. एवढ्या मोठ्या हाडांवर स्नायू चिकटण्याच्या खुणा बोटाने मोजाव्यात इतक्या स्पष्ट दिसतात. माणसाची हाडं बघायला मात्र शरीररचना विभागाची परवानगी काढून जा. हात धुऊन उचल, दोन्ही हातांनी धर, आणि ज्या क्रमाने ठेवलेली होती त्याच क्रमाने परत ठेव. ते हाड कोणाचं तरी होतं. देहदान करणाऱ्यांच्या घरची माणसं मी विभागाच्या दारात उभी असलेली पाहिली आहेत. तुझ्या चित्रात ते हाड वाकवलेलं, तोडलेलं, खोटं जोडलेलं नसावं, एवढीच माझी अट.

प्रश्न : अक्षरांच्या भागांची नावं शरीरावरून आली आहेत असं तुम्ही लिहिलंत. आणखी उदाहरणं द्याल का?
– एक निवृत्त वाचक, इंदूर

शिरोरेषा आणि दंड तुम्हाला माहीत आहेतच. अक्षराचा पाय मोडतो, ‘पाय मोडका त’ आपण सगळेच म्हणतो. अक्षराला पोट असतं, आणि शाळेत बाईंनी शिकवलेला शेंडीफोड्या श आणि पोटफोड्या ष आपल्या पिढीतलं कोणी विसरलेलं नाही. पोट फोडणारी ती तिरकी रेघ मला दंडाच्या हाडातही सापडते. त्या हाडाच्या मागच्या बाजूला एक उथळ तिरकी खाच असते, वरून आतून खाली बाहेर उतरणारी. तिच्यातून रेडियल नर्व्ह जाते. दंड मधोमध मोडला तर ही नस दुखावू शकते, आणि मग मनगट वर उचलता येत नाही, हात लोंबतो. मी ती खाच काढताना सावली देऊन दाखवायचे, पण मुलांच्या लक्षात राहायची नाही. एकदा मराठी मुलींच्या एका गटाला म्हटलं, हा पोटफोड्या ष आहे. त्यांतली एक परवा भेटली, आता सर्जन आहे. म्हणाली, अजून प्लेट बसवताना ‘ष’ आठवतो.

प्रश्न : मी डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. गेल्या वर्षी एका पाठ्यपुस्तकासाठी ६० आकृत्या काढल्या, नावंही माझ्याच हाताने लिहिली. पुस्तक आलं तर माझं नाव प्रस्तावनेच्या शेवटी, बारीक टाइपात, ‘सहकार्य’ म्हणून. मी चित्रकार आहे की नाही?
– एक वाचक, पुणे

आहात. पत्र वाचून फार वाईट वाटलं, कारण हे दुःख नवीन नाही.

‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ हे पुस्तक तुमच्या टेबलावर असेल. हेन्री ग्रे याने ते लिहिलं आणि हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याने त्यातली चित्रं काढली. दोघेही लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलचे. पहिली आवृत्ती १८५८ ची, चित्रं ३६३. तोपर्यंतच्या बऱ्याच पुस्तकांत आकृतीवर बारीक अक्षर किंवा आकडा असायचा आणि त्याचं नाव दुसरीकडे शोधावं लागायचं. विद्यार्थ्याची नजर आकृती आणि यादी यांच्यात येरझारा घालायची. कार्टरने नावंच आकृतीवर लिहिली. स्नायूचं नाव त्या स्नायूच्या धाग्यांबरोबर धावतं, धमनीचं नाव धमनीबरोबर वळतं. वाचता वाचता अवयवाची दिशाही कळते. आणि हे सगळं लाकडाच्या ठोकळ्यावर उलटं, कारण छापल्यावर ते सुलटं यायचं. उलटं नाव वळणदार स्नायूवर लिहून बघा, मग हाताची किंमत कळेल. माझ्या मते ते पुस्तक टिकलं त्यात या अक्षरांचा वाटा मोठा आहे. कारण तिथे अक्षर आकृतीचाच एक भाग झालं.

मुखपृष्ठाच्या आतलं पान छापायला तयार झालं तेव्हा दोघांची नावं सारख्याच मोठ्या टाइपात होती. ग्रेने खूण करून कार्टरचं नाव लहान करायला लावलं. पैसेही तसेच. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड, कार्टरला एकदाच १५०. ज्या माणसाने अक्षरांना त्यांची जागा दिली त्याच्याच नावाचं अक्षर छोटं झालं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते.

पुस्तक बाहेर पडलं तेव्हा कार्टर इंग्लंडमध्ये नव्हता. तो मुंबईला आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना शिकवली, साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काम केलं, अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायांना होणाऱ्या ‘मदुरा फूट’वर आणि कुष्ठरोगावर अभ्यास केला. आपल्या माणसांचे पाय आणि हात त्याने काढले. लंडनच्या पानावर त्याचं नाव लहान झालं, पण आपल्या मातीत त्याचं काम तीस वर्षं चाललं.

आता व्यवहाराचं. पुढच्या पुस्तकाआधी चार ओळींचा करार लेखी करा. नाव शीर्षकाच्या पानावर, लेखकाच्या नावाखाली, ‘आकृत्या व नामलेखन’ या शब्दांत. टाइपचा आकारही लिहून घ्या. हो, आकार सुद्धा. मोबदला आवृत्तीगणिक. मूळ आकृत्या तुमच्याकडे परत. आणि प्रत्येक आकृतीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तुमची आद्याक्षरं, रेघांच्या छायेत मिसळून जाणार नाहीत अशी. हे मागताना संकोच करू नका. मी ३१ वर्षांत एकदाही मागितलं नाही, आणि माझे तक्ते ज्या पुस्तकांत छापले गेले त्यांत माझं नाव कुठेही नाही. तुमचं असावं.

प्रश्न : माझे वडील शाळांसाठी शरीराचे तक्ते रंगवायचे. कापडावर चिकटवलेले, वर-खाली लाकडी पट्ट्या असलेले ११ तक्ते माळ्यावर गुंडाळून ठेवले आहेत. दोघांचा रंग सुटतोय. लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

लॅमिनेट करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की परत निघत नाही, आणि उष्णतेने सुटलेला रंग आणखी उचलला जातो. सेलोटेपही लावू नका. काही वर्षांत त्याचा पिवळा डाग कागदात उतरतो आणि टेप गळून गेली तरी डाग राहतो.

माळ्यावरून मात्र लगेच उतरवा. आपल्याकडे मे महिन्यात माळ्याची भट्टी होते आणि पावसाळ्यात तिथेच ओल धरते. रंग सुटायला एवढं पुरे. ज्या दोघांचा रंग सुटतोय ते जबरदस्तीने उलगडू नका. कोरड्या दिवशी, पंखा बंद ठेवून, पलंगावर स्वच्छ सुती चादर अंथरून थोडे थोडे उलगडा, रंगाची बाजू वर. सुटलेला तुकडा पडला तर तो छोट्या कागदी पाकिटात ठेवा आणि कोणत्या तक्त्याचा, कुठून पडला ते पाकिटावर लिहा. मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, आधी पूर्ण तक्त्याचा आणि मग नावांचे जवळून फोटो काढा. रंग आधी गेला तरी नावांच्या रेघा कुठे टेकत होत्या ते फोटोत राहील. तुम्हाला ते आज तितकं महत्त्वाचं वाटणार नाही, मला वाटतं.

नंतर शक्य झालं तर सपाट ठेवा, पलंगाखाली, दोन मोठ्या पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये पांढरा आम्लविरहित कागद. वर्तमानपत्र नको. गुंडाळायचेच असतील तर जाड नळकांड्यावर, रंग बाहेरच्या बाजूला, घट्ट न आवळता. कसर लागते, म्हणून दर दोन महिन्यांनी उघडून बघा. सुटलेला रंग परत बसवणं हे घरी करायचं काम नाही. म्युझियममध्ये जतनाचं काम करणाऱ्या माणसाला एकदा फोटो घेऊन भेटा.

प्रत्येक तक्त्याच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने वडिलांचं नाव लिहा. शाईने नको, शाई पुढच्या बाजूला फुटते. कोणत्या शाळेसाठी केला तेही लिहा. तुमची आई किंवा काका अजून असतील तर त्यांच्याजवळ बसून साल विचारा. अकराव्या तक्त्याचा फोटो तुम्ही पाठवला आहे, त्यात पाठीचा कणा आहे. त्यातलं ‘माकडहाड’ हे नाव खालच्या पट्टीत अर्धं झाकलं गेलंय. तिथला खिळा हळूच सैल करून फोटो घ्या आणि मला पाठवा. त्यांनी ‘ड’ कसा वळवला आहे, ते मला पाहायचं आहे.